सर्वर खोलीतलं विरजण

बायको गेली तेव्हा तिच्या मागं दोन गोष्टी जिवंत राहिल्या. एक मी आणि दुसरं तिचं विरजण. माझं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. विरजणाचं मात्र गल्लीत नाव होतं.

ती दिवाळीनंतर गेली. आजाराचं सांगत बसत नाही, ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. तेरवी झाली. तेरवीला माझी नांदेडची वहिनी आली होती, थोरल्या भावाची बायको. तिचं आणि हिचं बोलणं कैक वर्षांपासून बंद. माझ्या लेकीच्या लग्नात कुणीतरी कढीची तारीफ केली आणि वहिनी चारचौघांत म्हणाली, "विरजण माझं हाय." ही म्हणाली, "माझ्या माहेरचं हाय, उमरीचं." एवढ्यावर दोघी तुटल्या. हिच्या बाजूनं मीही बोलणं सोडलं, सोडावंच लागतं. तर वहिनी तेरवीला आली, मागं बसली, जेवली नाही, वाटीभर ताक प्याली आणि निघून गेली. मला वाटलं, बघा, मेल्यावरसुद्धा तोरा जात नाही.

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. भांडी तीच, डबे तेच, सगळं मुकं. फक्त कोपऱ्यातल्या स्टीलच्या गंजात दही लागलेलं. आमचं लग्न झाल्यापासून रोजच्या दह्यातला चमचाभर दुसऱ्या दिवशीच्या दुधात, असं ते चालत आलेलं. म्हणजे दही माझ्या संसाराच्या वयाचं होतं. ते माझ्या हातून मरू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. बाकी ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी चौथी शिकलेला माणूस. लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर हमाल म्हणून लागलो. पाठ गेली तेव्हा मालकांनी दारावर बसवलं. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांच्या वडिलांच्या काळात एक दुकान, एक काटा आणि एक गादी होती. आता डाळमिल आहे, नांदेडला मोठं गोदाम आहे, धर्माबाद, उमरी आणि शिरूर अनंतपाळला खरेदीच्या शाखा आहेत. आणि मोंढ्यामागच्या हाफिसात एक खोली आहे, तिला सर्वर रूम म्हणतात. खोलीत एक काळं कपाट, कपाटात दिवे लुकलुकणाऱ्या पेट्या आणि कपाटामागं वायरींचा असा गुंता, की त्यात कोंबडी शिरली तर अंडी घालूनच बाहेर येईल. सगळ्या शाखांची वजनं, भाव, बिलं त्या पेट्यांत. त्या खोलीच्या दारात माझा स्टूल.

आता विरजणाचं. उन्हाळा लागला आणि घरी दही दुपारपर्यंत आंबून फसफसायला लागलं. फ्रीज तिच्या आधी महिनाभर गेला होता. तो दुरुस्त करायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नाही, कारण सांगणारी दवाखान्यात होती. मग माझ्या डोक्यात आलं, की लातुरात अशी एकच जागा आहे जिथला गारवा दिवसरात्र हलत नाही. आप्पांच्या घरचा एसी लाईट गेली की बंद पडतो. सर्वर रूमला जनरेटर आहे.

मी गंज घेऊन कामावर जायला लागलो. दोनचार दिवसांत कळलं, की ते कपाट पुढून गार हवा ओढतं आणि मागून गरम सोडतं. मग काय, सकाळी दूध विरजून कपाटाच्या मागं ठेवायचं. ती ऊब म्हणजे बाळंतिणीच्या खोलीसारखी. दुपारच्या आत दही असं लागायचं की सुरीनं कापावं. मग उचलून पुढं ठेवायचं, की संध्याकाळपर्यंत आंबट होत नाही. तिच्या हयातीत असं दही लागलं नव्हतं. हे मी तिला कधी बोललो नसतो, आणि आता बोलायची सोय नाही.

हाफिसातले लोक जेवणानंतर ताक मागायला यायचे. आप्पांना कळू नये म्हणून एक खूण ठरली होती. ताक संपलं की मी दारातून सांगायचो, "सर्वर डाऊन हाय." लोक हळहळून परत जायचे. आप्पांना वाटायचं, कामाची किती कळकळ आहे माणसांना.

एकदा आप्पा पुण्याला व्यापाऱ्यांच्या कसल्याशा बैठकीला गेले आणि तिथून निराळेच होऊन आले. सगळ्यांना गादीपुढं बसवलं.

"आपण आता नुसते आडते न्हाई," आप्पा म्हणाले. "धंद्याची दिशा बदलून राहिलो आपण. उमरीला तूर काय भावानं सुटली, धर्माबादला किती पोती आली, नांदेडच्या गोदामात जागा किती, हे सगळं त्याच घडीला मला इथं दिसलं पाहिजे. त्यासाठी सर्वर नवा, लाईन नवी, खोली नवी. सगळं नवं."

मी मागून म्हणालो, "आप्पा, फोन करा की."

"फोन करूनच तर वाट लागली!" आप्पा कडाडले. "मागच्या हंगामात शिरूरवाल्यानं फोन केला तेव्हा सौदा होऊन गेलेला. उमरीवाला आणि धर्माबादवाला, दोघांनी एकच गोदाम रिकामं समजून माल पाठवला. पोती रस्त्यावर. अवकाळी पावसात तुरीला मोड आले. मोडाची उसळ विकू का मी?"

ते बरोबरच होतं. ती पोती मी पाहिली होती. आप्पा त्या पावसात स्वतः ताडपत्र्या ओढत होते, धोतर वर खोचून.

मग पुण्याच्या कंपनीकडून इंजिनिअर बाई आली. चाळिशीची, केस आखूड, पायात बूट, पण बोलताना मधेच 'हाव' म्हणायची. विचारल्यावर कळलं, माहेर देगलूरचं. पहिल्याच दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, तुम्ही इथं रोज बसता. सर्वर डाऊन कितीदा होतो?"

"रोज," मी म्हणालो.

"रोज? साधारण कधी?"

"जेवणं झाली की. गर्दी असली तर जरा लवकर."

"आणि परत चालू कधी होतो?"

"दुसऱ्या दिवशी. दूध आल्यावर."

बाई लिहून घेत होती. लिहिता लिहिता थांबली. मग खोलीत गेली, कपाटाच्या मागं वाकली आणि ओरडली, "काका! हे काय हाय?"

"दही."

"सर्वरच्या मागं दही? सांडलं तर सगळ्या शाखा बंद पडतील!"

"आजपर्यंत सांडलं न्हाई. शाखा आपल्या आपणच बंद पडतेत."

तिला हसू आलं होतं, पण कामाची बाई. तिच्याकडं रंगीत चिठ्ठ्या होत्या. हिरवी चिकटवली की सामान वरच्या नव्या खोलीत जाणार, पिवळी म्हणजे नांदेडच्या गोदामात, लाल म्हणजे भंगार. तिनं माझ्या गंजावर लाल चिठ्ठी डकवली.

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "बाई, मशीन तुमचं, खोली आप्पांची. पण ह्याला लाल लावायचा अधिकार तुमाला न्हाई. ही माझ्या बायकोची शेवटची वस्तू हाय जी अजून हलतीया-वाढतीया. तिच्या साड्या लेकीनं नेल्या. साड्या वाढत न्हाईत."

बाई खाली बसली, गंजातल्या दह्याकडं बघितलं, मग लाल चिठ्ठी नखानं काढली. हिरव्या संपल्या होत्या म्हणून पिवळी लावली. "आता तुमचं दही नांदेडला चाललं," म्हणाली. "मशीन बदलेपर्यंत चालवून घेते. नव्या खोलीत न्हाई हं. काका, ह्याची दुसरी कॉपी कुठं ठेवली?"

"दुसरी कशाला? हे हाय की."

"एकच कॉपी असली म्हणजे आपल्याकडं कायच न्हाई असं धरायचं. आप्पांचा सगळा माल आम्ही दोन ठिकाणी लिहून ठेवतो, इथं आणि नांदेडला. लातूरला आग लागली तरी नांदेड जिवंत. तुम्ही हे शेजारी कुणाला देऊन ठेवा."

आता हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दिवेलागण झाल्यावर विरजण घराबाहेर द्यायचं नसतं. घरची बरकत जाते. आमची ही त्या बाबतीत एवढी कडक, की मामलेदार आला असता तरी उंबऱ्यावरून परत लावला असता. आणि मी घरी पोचायचो दिवेलागणीनंतर. गल्लीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या, "बाबा, मावशीचं विरजण द्या ना चमचाभर." मी म्हणायचो, "दिवा लागला. सकाळी या." सकाळी त्या यायच्या तेव्हा मी गंज घेऊन मोंढ्यात. असं करत करत एकीलाही चमचा दिला गेला नाही. बाईला मी हे सगळं सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. "काका, तुमच्या बॅकअपची वेळच चुकीची हाय."

मशीन बदलायचा दिवस कोणता, यावरून तर महाभारत झालं. बाईला दिवसभर सगळं बंद पाहिजे होतं. आप्पा म्हणाले, "मोंढा फक्त अमावस्येला बंद. तेव्हा करा."

बाई म्हणाली, "ठीक. अमावस्येला जुनं बंद, दुपारी नवं चालू."

"नवं चालू? अमावस्येला?" आप्पा गादीवरून अर्धे उठले. "डोकं ठिकाणावर हाय का? अमावस्येला मी नवी चप्पल घालत न्हाई!"

"अहो आप्पा, पण मोंढा तर..."

"जुनं बंद करायला अमावस्या चांगली. नवं चालू करायला प्रतिपदेची सकाळ. मधे काय करायचं ते तुम्ही बगा."

बाईनं पुण्याला फोन लावला. तिच्या साहेबाला 'प्रतिपदा' समजावून सांगताना तिचा आवाज जिन्याखालपर्यंत येत होता. शेवटी आप्पांचंच खरं झालं.

अमावस्येला सगळं बंद झालं. आधी पेट्यांचे दिवे गेले, मग एसी. ती घरघर थांबली आणि खोली अशी झाली जशी माझ्या घरची झाली होती. मी दारातच बसून राहिलो. खरं सांगतो, त्या कपाटाबद्दल मला कधी प्रेम नव्हतं. पण चालू असलेली वस्तू बंद होताना बघणं आता मला सोसत नाही.

दही मी घरी नेलं, माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवलं. रात्रभर उकाडा. पहाटे बघितलं तर आंबटढाण, पण जिवंत. चमचाभर ठेवून बाकीचं टाकून दिलं, ताजं दूध घेतलं, विरजलं आणि गंज पिशवीत घालून हाफिसात गेलो. वरच्या खोलीत नवा एसी आणि चाचणीसाठी नवं कपाटसुद्धा पहाटेपासूनच चालू होतं; फक्त शाखा जोडायचं बटण आप्पांच्या हातानं दाबायचं होतं. बाईनं मना केलं होतं हे मला माहीत होतं. पण बाई खाली होती. नव्या कपाटाला हात लावून बघितला. तेसुद्धा पुढून गार, मागून गरम. बरं वाटलं, नवं असलं तरी रीत जुनीच. गंज मागं ठेवला. दही लवकर लागलं, मी ते काढून समोरच्या चौरंगावर ठेवलं आणि पूजेला जंगम स्वामी आले म्हणून त्यांना आणायला खाली गेलो.

चौरंगावर पूजेचं सामान होतं. ते मला दिसलं नाही असं नाही. पण माझ्या डोळ्याला तो चौरंग नव्हता, ती सपाट जागा होती.

स्वामींना घेऊन वर आलो. पूजा झाली. नव्या कपाटाला विभूतीचे तीन पट्टे ओढले, बेलाचं पान वर ठेवलं. नारळ मात्र बाईनं दाराबाहेर फोडायला लावला. आप्पांनी बटण दाबलं, सगळे दिवे हिरवे झाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आप्पांनी स्वतः पळीनं प्रत्येकाच्या हातावर पंचामृत घातलं. मी ते तोंडात टाकलं.

मध होता, साखर होती, केळं होतं. आणि त्या सगळ्यांच्या खाली ती होती.

मी एकदम म्हणालो, "आप्पा, ह्यात दही कुणाचं हाय?"

"अरे, बरं आठवण केली! पूजेत दहीच आणायचं ऱ्हायलं होतं. स्वामी येईपर्यंत माझ्या जिवाला घोर. बगतो तर चौरंगावर गंज तयार! देवानंच आणून ठेवलं म्हण."

"देवानं न्हाई, मी. गंज कुठाय?"

"पूजेचं भांडं ना? घासून पालथं घातलंय तिथं."

गंज पालथाच होता. असा लखलखीत घासलेला, की मरणानंतर माणसाला आंघोळ घालतात ना, तसा. पिवळी चिठ्ठी तेवढी चिकटून राहिलेली.

आप्पांना समजलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा. मला वाटलं... डेअरीतून दोन किलो मागवू का?"

"आप्पा, तुमची सगळी बिलं गेली आणि मी म्हणालो, कोऱ्या कागदाचा रीम मागवू का, तर?"

मालकाला असं बोलायची माझी पहिलीच वेळ. बाईनं मधे येऊन विचारलं, "पंचामृत उरलंय का?" तांब्याच्या तळाशी चमचाभर होतं. तिनं ते दुधात घातलं, बाटलीत भरलं. म्हणाली, "बघू, त्यातून काय परत मिळतं का." चांगली बाई. वेडी, पण चांगली.

त्याच दिवशी जुन्या पेट्या नांदेडच्या गोदामात न्यायच्या होत्या, दुसरी कॉपी तिकडं बसवायला. राखणीला मी. पेट्या आमच्या हिनं शिवलेल्या वाकळीत बांधून जीपमध्ये मागं ठेवल्या. पुढं ड्रायव्हर, शेजारी बाई, मागं पेट्यांना कवटाळून मी. रिकामा गंज मांडीवर. का घेतला ते विचारू नका. चाकूरपर्यंत बाटलीत दूध होतं, अहमदपूरला पनीर झालं. बाईनं काच खाली करून बाटली ओतून टाकली.

मग मी लेकीला फोन लावला. "तुझ्या आईचं विरजण हाय का गं तुझ्याकडं?"

"बाबा, आमच्याकडं पिशवीतलं दही येतं. का?"

"कायी न्हाई. पिशवी जपून ठेव," म्हणालो आणि फोन ठेवला.

तेवढ्यात ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं बघायला लागला. आमचा ड्रायव्हर जुना माणूस, नमाजी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणाला, "काका, एक बात बोलू? गुस्सा नै करना."

"बोल."

"वो नांदेडवाली आजी है ना, तुमारी भाभी. उनके पास होता दही. चाची का."

"हिचं? तिच्याकडं? त्या दोघी बोलत न्हवत्या रे!"

"हौ, बोलते नै थे. डब्बी बोलती थी. मैंच तो लेके जाता था. इधर का खराब हुआ तो उधर से, उधर का खराब हुआ तो इधर से. चाची ने कसम दी थी, काका कू नै बताना बोलके."

जीप लोह्याच्या पुढं आली तरी माझं तोंड उघडंच होतं. बाई मात्र मागं वळून हसत होती. "काका! लातूर-नांदेड! ही लाईन टाकायला आप्पांनी आम्हाला पुण्याहून बोलावलं. तुमच्या घरी आधीच चालू होती!"

मला हसू आलं नाही. मला भीती वाटली. ही जाऊन सहा-सात महिने झाले होते. डबी तेव्हापासून बंद. वहिनीकडचं मेलं असलं तर? आणि जिवंत असलं तरी, कैक वर्षांत जिला राम राम केला नाही तिच्यापुढं वाटी कशी धरायची?

नांदेडच्या गोदामात पोचलो तर वायरमन जेवायला गेलेला. तो आला तर शिडी नाही. शिडी आली तर लाईन दोन खांबांवरून दोन वाटांनी आणायची होती, एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून, आणि दुसऱ्या खांबावर मधमाश्यांचं पोळं. मी सारखं उन्हाकडं बघत होतो. "बाई, मी जाऊन येतो." "काका, तुम्ही राखणीला आलाय, पेट्या उघड्या हायेत." ऊन गोदामाच्या पत्र्यावरून उतरलं, भिंतीवरून उतरलं, मग जमिनीवरूनही गेलं.

शेवटी लाईन जोडली. बाईनं आप्पांना फोन केला, आधी वहिनीच्या डबीची गोष्ट ऐकवली, मग म्हणाली, "तिथं काहीही एक नोंद करा, इथं दिसते का बघू." आम्ही पडद्याकडं बघत उभे. आप्पांचं टायपिंग एका बोटाचं, वेळ लागला. मग पडद्यावर ओळ उमटली. मला वाचता येतं तेवढं.

माल: दही. वजन: एक वाटी. गोदाम: नांदेड.

"दिसतंय का?" फोनमधून आप्पा ओरडत होते. "म्हाताऱ्याला दाखवलं का?"

"दिसतंय आप्पा," मी म्हणालो.

नांदेडातच चौफाळा भागात वहिनीच्या दारात पोचलो तेव्हा कोनाड्यात दिवा लागलेला होता. वहिनी आता वाकली आहे, पण नजर तीच. मला बघितलं, माझ्या हातातला गंज बघितला.

"या भावजी. रस्ता आठवला का?"

मी सरळ म्हणालो, "वहिनी, विरजण पाहिजे. हिचं. माझ्याकडचं गेलं."

"हाय."

एवढा एक शब्द. मी ओट्यावर बसलो. "द्या मग."

"आता? दिवा लावलाय मी. दिवा लागल्यावर माझ्या घरातून विरजण उंबऱ्याबाहेर जात न्हाई. सकाळी."

"वहिनी, ही जीप माझ्यासाठी थांबलीय, बाईला पुण्याला..."

"मग जाऊ द्या जीपला. मी काय तुमच्या जीपच्या वेळेनं दिवा लावू?"

बाई पुढं झाली. "आजी, काका लांबून आलेत, फक्त चमचाभर..."

"तू कोण गं?"

"मी इंजिनिअर. दुसरी कॉपी बसवायला आले."

"बस मग. जेवून जा. कॉपी सकाळी मिळंल."

गल्लीतल्या साऱ्या बायकांना मी जे सांगून परत पाठवलं होतं, तेच शब्द शब्दाला शब्द मला परत मिळाले. बाई भाकरी खाताना हसून हसून ठसकली. शेवटी जीपही थांबली आणि आम्ही तिघांनी तिथंच मुक्काम केला. वहिनीनं अंथरुणं टाकून दिली.

सकाळी तिनं आतून एक स्टीलची डबी आणली. झाकणावर आमच्या हिचं नाव कोरलेलं, आहेरात आली होती ती. मला वाटलं होतं हरवली.

"शेवटची डबी तिची माझ्याकडंच ऱ्हायली," वहिनी म्हणाली. "मी भरून ठेवली होती पाठवायला. तेवढ्यात फोन आला."

"तेरवीला आला होतात तेव्हा का न्हाई बोलला?"

"ताक पिऊन बघितलं. जिवंत होतं. म्हटलं, भावजी सांभाळतेत. मग कशाला बोलू?"

मी म्हणालो, "म्हणजे हे उमरीचं विरजण तुम्ही एवढी वर्षं..."

"कुठलं उमरीचं!" वहिनी अशी उसळली, की वाकलेली पाठ सरळ झाली. "माझ्या माहेरचं हाय, धर्माबादचं. नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला दूध तापवायला येत न्हवतं. मी दिलं पहिलं विरजण. आणि लग्नात चारचौघांत म्हणती, उमरीचं!"

"ती मला शेवटपर्यंत उमरीचंच म्हणत होती."

"म्हणंलच. एकदा बोलली की बोलली." वहिनीनं डबीचं झाकण घट्ट दाबलं. मग हळूच म्हणाली, "पण माझं दर उन्हाळ्यात खराब व्हायचं. तिचं न्हाई. आता ह्यात माझं किती, तिचं किती, कुणाला ठावं."

वाटेत मी डबी दोन्ही हातांत धरून बसलो. ड्रायव्हरनं दर खड्ड्याला जीप अशी हळू केली, की मागून ट्रकवाले शिव्या देत गेले. लातूरला आलो ते थेट घरी, भर दुपारी. उजेड होता तोवर गल्लीत सगळ्या बायकांना हाक मारून चमचा चमचा वाटला. बाईनं एका औषधाच्या बाटलीत पुण्याला नेलं. आप्पांनी फ्रीज दुरुस्तीला माणूस पाठवला आणि नव्या खोलीच्या दारावर पाटी लावली: आत खाण्याचे पदार्थ नेऊ नयेत. मला बघून म्हणाले, "तुझ्यासाठीच हाय ती. मोठ्यानं वाच."

आता आप्पांना सगळ्या शाखा एका पडद्यावर दिसतात. पोती रस्त्यावर पडत नाहीत. ताकही मी घरूनच आणतो, आणि 'सर्वर डाऊन' म्हटलं की आता खरंच डाऊन असतो, त्यामुळं लोक जरा नाराज आहेत.

डबी जीपमधून जाते-येते. परवा नांदेडहून माझंच दही तसंच परत आलं, निरोपासकट. ड्रायव्हर दारात उभा राहून चाचरत म्हणाला, "आजी बोले, भावजी को बोलना, दूध कोमट करके विरजण लगाव. आंबट आया है. चाची का ऐसा नै आता था."

मी डबी उघडली, वास घेतला, बोट घालून चाखलं. मुळीच आंबट नव्हतं. म्हणजे थोडं होतं. पण ड्रायव्हर सांगतो, असले टोमणे आजवर हिला यायचे आणि उत्तरही तीच पाठवायची. आता ते काम माझ्याकडं आलं.

म्हणालो, "सांग तिला, धर्माबादचं विरजण हाय, आंबट येणारच. उमरीचं असतं तर गोड आलं असतं."